नऊदा चिकटवलेलं फंक्शन

"पाथरीला मानवत तालुक्याचं हवामान जायलाय, पण लय फरक नसतो हो," आमचे सीनियर प्रोग्रामर सर फोनवर हसत सांगत होते. पलीकडच्या शेतकऱ्याची फवारणी पावसात धुऊन गेली होती.

शेतकऱ्यांना हवामानाचे मेसेज पाठवायला सरांनी एकच फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, नऊ तालुक्यांसाठी नऊदा चिकटवलं होतं. बदलायचं फक्त तालुक्याचं नाव. पाथरीत तेही विसरले. काम ते कोडच्या ओळींवर मोजत आणि दर चिकटवणीनंतर थकल्यासारखी बोटं मोडत.

कोडनेच कोड कसा लिहायचा, हे मी गुपचूप शिकले. आता तालुक्यांची यादी दिली की नऊही फंक्शनं आपोआप तयार होतात. नऊ पानांच्या बारा ओळी झाल्या.

"बाकीचं काम कुठाय, बेटा?" सरांनी विचारलं.

मी खाली बघतच म्हणाले, "बाकीचं तुमचं होतं, सर. ते मी काढून टाकलं."