ओतूरच्या केबलवरचं थेट प्रक्षेपण

सीमेवर लढाई चालू होती त्या पावसाळ्यातली ही गोष्ट. आमच्या भागातल्या दोन-तीन कॉलेजांच्या मुलांचा एक बँड विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी जमवलेला होता. त्याच बँडचा देशभक्तीपर गाण्यांचा कार्यक्रम करायचा आणि तो ओतूरच्या केबलवर थेट दाखवायचा, असं ठरलं. मी तेव्हा अर्थशास्त्र शिकवायचे, नोकरीला नुकतीच लागले होते. शिकत असताना रेडिओवर थोडंफार काम केलं होतं, तेवढ्यावर प्राचार्यांनी मला निर्माती करून टाकलं.

केबल चालवणारा तरुण बाजारपेठेतल्या जैन कुटुंबातला. घरचं भांड्यांचं दुकान आजोबांपासूनचं, पण ह्याचा जीव तारांत. सगळे त्याला केबलवाले भाऊच म्हणत. लग्नाच्या शूटिंगचे दोन कॅमेरे आणि त्याच्या खोलीपासून कॉलेजच्या हॉलपर्यंत गच्च्यांवरून, झाडांवरून ओढत आणलेली वायर, एवढीच आमची सामग्री. जोड ओला झाला की चित्र जायचं, म्हणून प्रत्येक जोडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. त्या दिवशी सकाळपासून मी आभाळाकडेच बघत होते.

शेवटचं गाणं डिंभ्याकडची एक मुलगी म्हणणार होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहायची. तिचा भाऊ सैन्यात होता, तिकडेच, आणि बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती. मी तिला आधीच विचारलं होतं, गायला जमेल ना?

"गाती की मॅडम," ती म्हणाली होती. "नुसतं बसून र्‍हायलं की डोक्यात लई काय काय येतं."

कार्यक्रम संध्याकाळी सुरू झाला. हॉल भरला होता, खिडक्यांतही माणसं उभी होती. चित्र नीट दिसत असल्याचा निरोप बाजारपेठेतून आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पाऊस थांबलेला होता आणि जनरेटरची गरज पडली नव्हती. एवढ्यात प्राचार्यांनी दारातून हाताने बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तहसीलमधून फोन होता," ते म्हणाले. "उद्या मानवंदनेला एनसीसीची मुलं पाठवता का म्हणून विचारत होते. डिंभ्याकडचा एक जवान गेला. आडनाव ऐकू आलं, नाव सांगताना लाईन तुटली."

आडनाव तिचंच होतं. तसं तिच्या गावातली निम्मी घरं त्याच आडनावाची.

केबलवाले भाऊ वायर घेऊन मागेच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

"मॅडम, टीव्हीवर खाली पट्टी देऊ का? श्रद्धांजली म्हणून. अख्खं ओतूर बघतंय आत्ता."

"कुणाला श्रद्धांजली? नाव कळलेलं नाही."

"नुसतं गाव टाकू."

"गाव टाकलं, तर त्या गावचं पोरगं ज्या ज्या घरातून फौजेत गेलंय, तिथं तिथं आकांत होईल."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचेही डोळे भरलेले होते. पण तो परत कॅमेऱ्याकडे गेला आणि भिंगापुढे खालच्या बाजूला धरायला जाड पुठ्ठ्यावर स्केचपेननं काहीतरी लिहायला लागला. तो ऐकेल की नाही, मला काही सांगता येईना.

प्राचार्य म्हणाले, "तिचं गाणं होऊन जाऊ द्या. मग सांगू."

"तिला तिथं उभं करून आपण सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, सर? मला नाही जमणार."

मी तिला पडद्यामागे गाठलं आणि जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "नाव?" मी कळलं नाही म्हणून मान हलवली. ती ऑफिसातल्या फोनकडे निघाली.

स्टेजवरचं गाणं संपत आलं होतं. पुढचं तिचंच. बँडचा म्होरक्या क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्या घरचा बँड लग्नाला वाजायचा, आणि वरात पारापाशी अडली की एकच धून वाटेल तितकी लांबवायची त्याला सवय होती. मी पडद्याआडून त्याच्याकडे बघून बोट गोल फिरवलं. त्यानं तिच्या गाण्याची सुरुवातीची धून उचलली आणि ती संपेचना.

ऑफिसात ती तहसीलचा नंबर फिरवत होती. एंगेज. पुन्हा एंगेज. कपाटावरच्या छोट्या टीव्हीवर आमचाच कार्यक्रम दिसत होता, पोरं घामाघूम होऊन वाजवत होती. मी त्या पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होते. आता पट्टी येते, मग येते. भिंतीपलीकडून ढोलाचे ठोके यायचे आणि प्रत्येक फेरी संपताना वाटायचं, आता पोरांचा दम सुटणार.

फोन लागला तेव्हा तिनं रिसीव्हर मागोमाग आलेल्या प्राचार्यांपुढे केला. त्यांनी तो घेतला, समोरच्याकडून पूर्ण नाव ऐकलं आणि मोठ्यानं पुन्हा म्हटलं. तिच्या भावाचं नव्हतं.

ती कपाटाला टेकून खालीच बसली. क्षणभरच. मग तिला कळलं, कुणाचं होतं ते.

"आमच्या शेजारचा," ती म्हणाली. "दादा न् तो संगंच भरतीला गेलं व्हतं." मग एकदम उठली. "त्याच्या आईला कळलंय का?"

प्राचार्यांनी विचारलं. तहसीलची जीप नुकतीच निघाली होती.

"त्याची ताई हितंच दिलीय, ओतूरला. टीव्हीम्होरं बसली आसंल. सकाळीच मला म्हणाली, बघणार हाये तुझं गाणं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "मी गायले न्हाई तर तिला वास येईल. जीप पोचंपर्यंत कुणी काय बोलायचं न्हाई."

दारात केबलवाले भाऊ येऊन उभा होता, पुठ्ठा हातातच. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊ, टीव्हीवर कळाया नको तिला."

त्यानं पुठ्ठा दुमडून काखेत घातला आणि म्हणाला, "न्हाई दाखवत."

ती स्टेजवर गेली. आवाज पहिल्या ओळीला जरा चिरकला, मग लागला. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात जवान आईच्या दारात परत येतो. ते कडवं तिनं घेतलंच नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. क्लॅरिनेटवाल्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि त्या कडव्याची चाल स्वतः वाजवून गाणं संपवलं. टाळ्यांनी हॉल दणाणला. काय झालंय ते तिथं आम्हा चौघांनाच माहीत होतं. निवेदकाला मी खूण केली, त्यानं आभार मानले, प्रक्षेपण बंद झालं. मी पडद्यामागच्या एका खोक्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला एनसीसीची मुलं गेली, मीही गेले. अलोट गर्दी होती. त्या गर्दीत गेलेल्या जवानाच्या ताईनं आमच्या गाणाऱ्या मुलीला गाठलं.

"तू गात व्हतीस तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मी टाळ्या वाजवल्या गं," ताई म्हणाली. "माझा भाव गेलेला, न् मी टीव्हीम्होरं टाळ्या वाजवत व्हते."

ताईनं तिला जवळही घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही, नुसती पाठ फिरवून आईकडे गेली. त्यानंतर बरेच दिवस दोघींचं बोलणं नव्हतं. हिचा भाऊ रजेवर आला, तेव्हा आधी त्या शेजारच्या घरी गेला, आणि त्या भेटीनंतर कधीतरी ताईनं हिला घरी बोलावलं. काय बोलणं झालं ते हिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढे ती निरगुडसरकडे शिक्षिका झाली. लग्नाचं आमंत्रण द्यायला आली तेव्हा चहा पिता पिता मी म्हटलं, त्या दिवशी तुला सांगितलं ते बरोबर केलं का, मला अजून कळत नाही.

"मला सांगितलं ते बरंच केलंत मॅडम," ती म्हणाली. "पण ताईला न सांगण्याचं मी ठरवलं. त्याचं ओझं माझ्याकडंच राहू द्या."