मावशीचा हात

आमची मावशी कुत्र्यांचे केस कापते. घराच्या मागच्या खोलीत रबरी चटई घातलेलं टेबल, एक उथळ टब आणि ओल्या केसांचा कधीच न जाणारा वास. लोक येतात ते तिच्या हातासाठी. अंगावरून तळवा फिरवला की तिला दडलेली गोचीड सापडायची, रुतलेलं कुसळ सापडायचं. त्या हाताचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

मावशीचे यजमान, आमचे काका, गेले; मागे राहिला त्यांचा कुत्रा, साहेब. नाव काकांनीच ठेवलेलं. जन्मभर साहेबांचं ऐकलं, आता एक तरी साहेब माझं ऐकेल, असं ते म्हणायचे. तोही ऐकत नसेच. काकांच्या माघारी मावशी त्याच्याशीच बोलायची. आम्ही भाचरं फोन करायचो, पण खरं सांगायचं तर तिला सावरलं साहेबाने.

म्हातारपणी त्याच्या पोटावर पुळ्या आल्या. त्यात पू धरायचा, खपल्या पडायच्या, गोल चकत्यांनी केस गळायचे. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जंतू एरवीही त्याच्या अंगावर असतात, गुपचूप राहतात. कातडी कमजोर झाली की डोकं वर काढतात. मी सांगेपर्यंत गोळ्या थांबवू नका."

थोड्याच दिवसांत खपल्या झडल्या. मावशीने हात फिरवला, कातडी गुळगुळीत लागली आणि तिने गोळ्या बंद केल्या. पुन्हा पुळ्या आल्या, पुन्हा उरलेल्या गोळ्या, पुन्हा हात. असं कितीदा तरी झालं. मी टोकलं.

"म्हाताऱ्या जिवाच्या पोटात कशाला उगाच विष ओतायचं?" ती म्हणाली. "आणि तू मला कुत्र्याची कातडी शिकवणार?"

तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी नाद सोडला.

मग एका सकाळी साहेब उठेचना. अंग तापलेलं आणि मांडीत खोल चिघळलेली जखम. डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला. नेहमीचं एकही औषध त्या जंतूंवर चालत नव्हतं. औषध अर्ध्यावर सुटलं की चिवट जंतू तेवढे मागे राहत होते आणि तेच वाढत गेले होते. एक इंजेक्शन उरलं होतं, पण ते मूत्रपिंडांना जड, आणि साहेबाची मूत्रपिंडं आधीच थकलेली.

"हे जंतू माझ्या हाताला कसे लागले नाहीत?" मावशीने त्यांना विचारलं.

"ते कुणाच्याच हाताला लागत नाहीत, काकू."

तरी इंजेक्शन दिलं, औषधी पाण्याने आंघोळी घातल्या. साहेबाने मावशीच्या मांडीवरच प्राण सोडला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ह्यांनी एकच जीव माझ्या हवाली केला होता, तोही मला सांभाळता आला नाही." मला तिची फार दया आली, आणि रागही आला.

बरेच दिवस ती खोली बंद होती. उघडल्यावर एकदा मी तिथे असताना एक गृहस्थ आपल्या कुत्रीला घेऊन आले. तिलाही पुळ्या झाल्या होत्या म्हणे.

"आता एकदम साफ आहे. कालच औषध बंद केलं," ते कौतुकाने म्हणाले. "हात फिरवून बघा ना, तुम्हाला लगेच कळेल."

मावशीचा हात सवयीने पुढे गेला होता. तो तिने मागे घेतला.

"मला नाही कळत," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांना विचारून या."