टाळ्यांच्या आधीचा आवाज

काल कपाटात ती कॅसेट सापडली आणि नाकात सुक्या बोंबलांचा वास भरला. नव्वदीतली गोष्ट. तरुणांच्या एका रेडिओ केंद्राच्या वर्धापनदिनाला वाशीत गाण्यांचा कार्यक्रम होता. तिथेच रेकॉर्डिंग करून त्याची कॅसेट निघणार होती. मी कॉलेजातर्फे गात होते. शेवटच्या ओळीआधी मुद्दाम क्षणभर थांबले, हॉल एकदम शांत झाला. आमच्या दिवाळे गावाहून, मासेमारीच्या होडीवरून थेट आलेल्या माझ्या बाबांना वाटलं, गाणं संपलं. ते मागून ओरडले, “माजी पोर हाय ती!” लोक हसले. मी कशीबशी ओळ पुरी केली. महिन्याभराने कॅसेट आली, त्या ओरडण्यासकट. ऐकायला कॉलेजच्या मैत्रिणी घरी जमल्या. बाबा दारात जाळं विणत बसले होते. “हा ओरडणारा कोण गं?” एकीने विचारलं. मी म्हणाले, “असेल कुणीतरी पब्लिकमधला.” बाबांचे हात थांबले. पुढे ते माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. आता ते नाहीत. काल लेकीने कॅसेट लावली आणि विचारलं, “आई, हे कोण ओरडलं?” “माजा बापूस हाय तो,” मी म्हणाले, आणि उगाचच दाराकडे बघितलं.