ड्रायव्हरचा चहा

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या खोलीवर तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एकदाच आला होता. कमी बोलणारा, दारात चपला जोडून सरळ ठेवणारा. मिस्टर मस्कतला गेल्यावर मला मुलगी झाली. त्या शुक्रवारी ते तिला कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बघणार होते, आणि कॉम्प्युटर चालूच होत नव्हता.

त्याने सीडी घातली. "पॅच टाकतोय, वहिनी. ठिगळच समजा." ठिगळ मला कळलं. मशीन सुरू झालं, पण नेट लागेना.

"नेटच्या कार्डाचा ड्रायव्हर नाहीये. तो खाली गाडीवरच राहिला. घेऊन येतो," म्हणाला.

मी दोघांचा चहा टाकला. तो एकटाच वर आला. मी खाली बघत विचारलं, "ड्रायव्हर नाही आले?"

हसला असता तर मी मेल्याहून मेले असते. त्याने हातातली सीडी दाखवली. "हाच तो. कार्ड आत बसलंय, पण मशीन त्याला ओळखत नाही. हा ओळख करून देतो." आणि दोन्ही कप त्यानेच संपवले.

पडद्यावर मिस्टर दिसले. मुलीने घाबरून माझ्या खांद्यात तोंड लपवलं. त्यांचा चेहरा उतरला. रक्ताच्या नात्यालाही ओळख लागते, हे मला तेव्हा कळलं.

भिंतीकडे तोंड करून बॅग भरता भरता तो म्हणाला, "बोला वहिनी, तुमचा आवाज तिच्या ओळखीचा आहे."

परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मी मोठ्याने म्हटलं, "बघ, बाबा! तुझे बाबा!"

ती हळूच वळली, आणि पडद्यावरचे बाबाच लाजले.