चार रंगांचं बावखल

इनास गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो आणि मोबाइल मुका करून ठेवला होता. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने पाठवलेला मेसेज होता, ‘इनास गेला. माती चार वाजता, वटारला.’ मी तो वाचला तेव्हा सहा वाजून गेले होते. त्याला कावीळ झाल्याचं मला आधीच कळलं होतं. रविवारी बघायला जाऊ, असं मी सलग दोन रविवार बायकोला म्हटलं होतं. आम्ही वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहतो, तिथून वटारला जायला तासही लागत नाही. पण मी गेलो नाही. कामाचं निमित्त होतं, आणि निमित्त शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे. इनास जेमतेम पस्तिशीचा होता...

आमची ओळख गोखिवऱ्यातल्या एका औद्योगिक गाळ्यात झाली. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण बटणांच्या मोबाइलसाठी गेम बनवायचो. खालचं मशीन सुरू झालं की आमचे कम्प्युटर टेबलासकट थरथरायचे. मी प्रोग्रॅम लिहायचो आणि इनास चित्रं काढायचा. माझा स्वभाव तापट, तर तो इतका थंड की त्याच्यावर चिडण्यातही मजा येत नसे. एका नारळाच्या झाडाचा हिरवा रंग ठरवायला त्याने एकदा अख्खी सकाळ घालवली. “अरे, फोनवर ते झाड नखाएवढं दिसणार आहे,” मी ओरडलो. “नखाएवढं असलं तरी नारळच वाटायला पाहिजे ना,” तो म्हणाला आणि डब्यातली सुकेळी माझ्यापुढे सरकवली. वाडीतल्या केळ्यांची, घरी वाळवलेली ती सुकेळी खाताना भांडता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग त्या सिनेमाचं काम आलं. नाव लिहीत नाही, ज्यांनी पाहिलाय ते ओळखतील. टोळीतला एक नेमबाज पोलिसांपासून पळून वसईच्या एका वाडीत येऊन लपतो आणि तिथल्या शांततेने हळूहळू आतून बदलत जातो, अशी त्याची गोष्ट. थिएटरात तो आठवडाभरही टिकला नाही. पण पुढे केबलवर आणि सीडीवर कॉलेजच्या पोरांनी त्याला असं डोक्यावर घेतलं की त्यातले संवाद नाक्यानाक्यावर ऐकू यायला लागले. मुंबईतल्या एका कंपनीने त्याच्यावर मोबाइल गेम काढायचं ठरवलं आणि ते काम आमच्याकडे दिलं. मी खुशीत ही बातमी सांगितली, तर इनासने माउस बाजूला सारला. मग म्हणाला, “त्याचा शेवट आमच्या वाडीत शूट झालाय.”

मला वाटलं, थापा मारतोय. पण खरंच होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, इनास कॉलेजात असताना, सिनेमावाले चार दिवस त्यांच्या वाडीत होते. वाडीत त्यांचं बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि त्याच्यावर केळी, पानवेली, भाजी सगळं वर्षभर जगतं. सिनेमाच्या शेवटी तो नेमबाज या बावखलाच्या काठावर बसतो, बूट काढून पाण्यात पाय सोडतो आणि पोलिसांची वाट बघतो. बस्स. मी ते दृश्य पंधरा वेळा तरी पाहिलं असेल, आणि त्याच पाण्यात लहानपणी पोहायला शिकलेला माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

त्याने मला वाडी दाखवायला नेलं. त्याचे वडील आणि काका घरच्या बोलीत बोलत होते, मला निम्मंच कळत होतं. पण बोलणं बावखलाबद्दल चाललंय आणि ते काही गोड नाही, एवढं समजलं. परतताना इनासने सांगितलं, “बुजवायचं ठरलंय. काकांना तिथे घर बांधायचंय. मी एकटा नको म्हणतोय.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “गेममध्ये शेवटी बावखल ठेवू या. कुठेतरी राहू दे रे ते.” मी म्हटलं, “ठेवू की.” इतक्या सहज म्हटलं, की शब्द देतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

कंपनीला मारामारी हवी होती. “सिनेमात तो दोनच गोळ्या झाडतो,” इनास म्हणायचा, “आणि आपण इथे चाळीस माणसं मारतोय.” पण त्याने ती चाळीसही माणसं मन लावून काढली, प्रत्येकाला वेगळा शर्ट दिला. बावखल मात्र त्याने सगळ्यात शेवटी काढलं. पाण्यावर पडलेली केळीची सावली, दगडी पायऱ्या, पाण्यातले दोन पाय. मी ते पुन्हा पुन्हा मोठं करून बघितलं होतं.

पण त्या फोनवर चौसष्ट केबीच्या वर गेम चालतच नसे. अख्खा सिनेमा तेवढ्यात कोंबायचा! पहिली प्रत द्यायच्या दिवशी आमचा गेम सत्तरवर गेला होता, आणि इनास मामेबहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता. एकट्या बावखलाचे आठ केबी होते. मी ते काढून टाकलं आणि तिथे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘मिशन कम्प्लीट’ लिहिलं. गेम बासष्टवर आला, झरझर चालायला लागला, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला.

इनास परत आला. त्याच्याकडे न बघता मी म्हटलं, “बावखल कंपनीला नको होतं रे. शेवट थंड वाटतो म्हणाले.” हे धादांत खोटं होतं, कंपनीने ते चित्र पाहिलंही नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तो चिडला असता असंही नाही. त्याला न विचारता कापलं, हे कबूल करायची मलाच लाज वाटत होती. तो नुसता “बरं” म्हणाला. दुसऱ्या दिवशी हातात पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. “साइजचा प्रॉब्लेम नव्हता ना? म्हणजे तसं असेल तर...” “नाही म्हटलं ना,” मी त्याला तोडलं. दोन दिवसांनी पुन्हा येऊन उभा राहिला. मी कानातला हेडफोन काढला नाही. त्याच आठवड्यात शेवटची प्रत गेली. पुढच्या वर्षी बावखल बुजलं आणि काही महिन्यांनी आमचा गाळाही बंद पडला. नंतर आम्ही सणावारीच भेटत राहिलो. त्याने तो विषय कधी काढला नाही आणि मीही नाही.

परवा त्याच्यासाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा होती. ती चुकवली नाही. नंतर त्याच्या घरी त्याच्या बायकोने, रिटावहिनींनी, चहा दिला आणि आतून एक आलेखाची वही आणली. “सुहासभाऊ, हे तुमच्या कामाचं आहे का बघा. मला यातलं काही कळत नाही.” मला वाटायचं, इनास थेट कम्प्युटरवरच चित्रं काढतो. तर तसं नव्हतं. घरी बसून तो चौकटी चौकटींत रंगीत पेन्सिलींनी रंग भरायचा, एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. वहीच्या शेवटी बावखल होतं, तीनदा काढलेलं, दर वेळी आधीपेक्षा लहान. तिसऱ्यात फक्त चार रंग उरले होते. केळीची सावली गेली होती, पायऱ्यांची एकच रेघ झाली होती, पण पाणी पाणीच वाटत होतं आणि पाय पायच. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘दोन केबी. बसेल. सुहासला दाखवणे.’

दोन केबी खरंच बसले असते.

“दाखवलं होतं ना त्यांनी तुम्हाला?” वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, “हो, दाखवलं होतं. छान झालं होतं.” त्यांना बरं वाटलं. वही त्यांनी पुन्हा नीट कपाटात ठेवली, त्याच्या शर्टांच्या खाली.

वहिनी, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते, म्हणून इथे लिहितो. मी तुमच्याशीही खोटं बोललो. तो दोनदा दाखवायला आला होता. मी बघितलं नाही.