पंखा थांबेपर्यंत

हे गेल्यावर त्यांची जुनी गाडी मी चालवत होते. काल ती घाटात तापून बंद पडली. गॅरेजात मेकॅनिकने बॉनेट उघडून पंख्याला बॅटरीवरून थेट वायर जोडली, तसा पंखा फिरू लागला.

"पंखा ठणठणीत आहे, काकू. इंजिन तापल्याचं त्याला कळतच नव्हतं. सेन्सर गेलाय."

"मग बदला ना."

"बदलून काय करता? ऑइलमध्ये पाणी उतरलंय. इंजिन संपलं."

मी पंख्याचा आवाज ऐकत राहिले. गाडी बंद केल्यावरही हा पंखा थोडा वेळ घरघरत राही, आणि तो थांबेपर्यंत हे खालीच उभे असत. मी गॅलरीतून ओरडायची, "चहा गार होतोय!"

"तिचा ताप उतरू दे, मग येतो."

शेवटच्या आजारात यांचा ताप उतरला नाही. मी उशाशीच बसून होते. आत काय जळत होतं, ते इतक्या जवळ असूनही मला कळलं नाही. जवळ असणं म्हणजे कळणं नव्हे.

मेकॅनिकने वायर काढली. पाती मंदावली, वेगवेगळी दिसू लागली, थांबली.

हे असते तर आता वर आले असते.