बिनबियांची वांगी

वरोऱ्याच्या आठवडी बाजारात आम्ही दोन शेजारी बायकापोरांसकट सोबतच जायचो. माझे शेजारी वांगं तळहातावर तोलून माझ्या बायकोला सांगायचे, "हे घ्या बाई, याच्यात बी नाई." सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर ते हुंगल्याशिवाय घेतच नसत. आमच्या घरी मात्र, भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोखाली बसून, त्यांना कधी तहान लागली नाही.

एकदा दोघांच्या वायरच्या हिरव्या पिशव्या बदलल्या. वांगी एकाच बाईच्या टोपलीतली होती. संध्याकाळी ते आमची पिशवी घेऊन दारात आले. मी त्यांची पुढे केली, तर हसून म्हणाले, "राहू द्या भाऊ. तुमच्या सैपाकघरात जाऊन आली नं आता."

ती वांगी आम्हीच खाल्ली. एकातही बी निघालं नाही.